जातोच आहेस तर...

तिवस्यात माणूस पळताना दिसला की त्याला कारण लागतं. एसटी सुटत असेल, मागे कुत्रं लागलं असेल, तुरीत रोही शिरले असतील, किंवा मंगलाष्टकं सुरू होऊनही नवरीचा मामा सापडत नसेल, तर पळायला कोणाची हरकत नाही. लोक बाजूला होऊन वाट देतात, दोन-चार जण सोबत पळूही लागतात. पण मागे काही नाही, पुढे काही नाही आणि माणूस पळतोय, हे आमच्याकडे पचत नाही. टपरीवरच्यांचा चहा हातात तसाच राहतो आणि विचारणा होते, "काय झालं रे बाप्पा? कोन गेलं?"

अपवाद एकच. भरती.

पोलीस भरतीने आमच्या तालुक्यातल्या पोरांना जेवढं लवकर उठवलं तेवढं कोणत्याही मास्तरला जमलं नाही. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत मारले की २० पैकी २० गुण. १०० मीटर आणि गोळाफेक धरून मैदानी चाचणी ५० गुणांची. ज्याला तेराचा पाढा येत नाही त्यालाही हे आकडे पाठ असतात. पहाटे पाचला नागपूर-अमरावती हायवेच्या कडेला उभे राहा, अंधारातून पोट्टे धापा टाकत येताना ऐकू येतात. त्यांना कोणी हटकत नाही. 'भरतीचा पोरगा' ही आमच्याकडे समाजमान्य अवस्था आहे. ती शिक्षण संपल्यावर सुरू होते आणि वयाची अट संपेपर्यंत लांबवता येते. मात्र १६०० मीटर झाले की सगळे जागच्या जागी थांबतात, गुडघ्यांवर हात ठेवून वाकतात आणि मग पुलाच्या कठड्यावर बसून मोबाइल काढतात. सोळाशे एकावा मीटर सरकारने मागितलेला नाही. तो फुकट कोण पळेल?

आमचा भाचा पळाला.

भाचा वर्धा नदीकाठच्या एका लहान गावातला. बी.ए.ला तिवस्याच्या कॉलेजात नाव घातलं, म्हणून आमच्याकडे राहायला आला. ताईने तुरीच्या डाळीचं बोचकं आणि पोरगं एकदमच दिलं, आणि बजावलं, "ध्यान ठेव रे भाऊ, लय साधं पोट्टं आहे." पहिलं वर्ष तो खरंच साधा होता. उशिरा उठायचा, कॉलेजात जायचा, परत येऊन झोपायचा. खेळाशी त्याचा संबंध आला तो ट्रॅकसूटमुळे. विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीला कॉलेजची टीम पुरी होईना, तेव्हा खेळाच्या सरांनी व्हरांड्यात उभी असलेली पोरं मोजली. जो येईल त्याला ट्रॅकसूट, प्रवासभत्ता आणि अमरावतीची एक चक्कर. आमच्याकडच्या निम्म्या खेळाडूंची कारकीर्द अशीच व्हरांड्यात सुरू होते आणि अमरावतीत गिला वडा खाऊन संपते.

याची संपली नाही. १० किलोमीटर पळून तो मागच्या बाजूने मोजायला सोपा पडेल अशा नंबरावर आला. गिला वडाही खाल्ला. पण घरी आल्यावर बराच वेळ बूट न काढता ओट्यावर बसून राहिला. मी म्हटलं, "झालं ते झालं, जेव." तर म्हणतो, "मामा, सातव्या किलोमीटरनंतर पाय दुखणं बंद झालं होतं." दुखणं बंद झालं ही चांगलीच गोष्ट आहे, असं समजून मी पेपर वाचू लागलो. पुढच्या संकटाची ती पहिली सूचना होती हे मला कसं कळावं?

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला गजर झाला. तो आजतागायत होतो आहे.

वऱ्हाड व्यायामात मागे आहे असं कोणी समजू नये. वैद्य बंधूंनी १९१४ साली अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक १९३६ साली ऑलिम्पिकच्या वेळी थेट बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आलं. पण कुस्ती, मल्लखांब, कबड्डी हे सगळे जागेवरचे खेळ. मल्लखांबावरचा गडी वर जातो, उलटा होतो, खाली येतो, गाव सोडत नाही. कबड्डीत पलीकडे गेलेल्याला श्वास तुटायच्या आत परत यावंच लागतं. पाहणाऱ्याला पारावरून उठण्याची गरज पडत नाही. लांब पल्ल्याच्या धावेत मात्र खेळाडू समोरून एकदा गेला की पुढचा पाऊण तास रिकामा रस्ता पाहायचा. असल्या खेळाला टाळ्या तरी कधी वाजवायच्या?

तरी अंतराची परंपरा आमच्या तालुक्याला आहेच. कौंडण्यपूर आमचंच, रुक्मिणीचं माहेर. कृष्ण तिला घेऊन निघाला तेव्हा भाऊ रुक्मी मागे लागला. कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कौंडण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून. वाटेत हरला. प्रतिज्ञेमुळे घरी येता येईना, म्हणून तिथेच भोजकट नावाचं नगर वसवून राहिला. अमरावतीजवळची भातकुली ती हीच, असं आमच्याकडे सांगतात. शर्यत अर्ध्यात सोडली आणि लाजेने तिथेच गाव वसवलं, असा दुसरा स्पर्धक माझ्या ऐकण्यात नाही. (रथ होता हे मला ठाऊक आहे. मी अंतराबद्दल बोलतो आहे.)

त्याच कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. चारशे वर्षांहून जुनी. आमच्या शेजारच्या आजी तिच्यासोबत महिनाभराहून जास्त चालतात, पायात साधी चप्पल, डोक्यावर गाठोडं. भाच्याच्या नव्या उद्योगाची शहानिशा करायला त्या एका रविवारी मुद्दाम ओट्यावर येऊन बसल्या. भाचा घामाने निथळत दारात आला.

"किती गेलता?"

"बारा किलोमीटर, आजी."

"कोठी?"

"मोझरीच्या रस्त्यानं गेलो, मधातून परत."

"परत कोठी आला?"

"इथंच. घरी."

आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मंग दर्शन कोनाचं घेतलं?"

याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. माझ्याकडेही नाही. खेळशास्त्राच्या पुस्तकांतही असेल असं वाटत नाही.

गल्लीने आपापल्या परीने कारणं शोधली. आमच्याकडे डॉक्टरने सांगितल्याशिवाय कोणी पहाटे चालायला निघत नाही, तेव्हा पहिला निष्कर्ष शुगर. "एवढ्या कमी वयात?" म्हणून दोन बायका हळहळल्या, एकीने कारल्याचा रस पाठवला. मग प्रेमभंग निघाला, पण त्यासाठी मुलगी सापडेना. नंतर नवस. शेवटी सगळ्यांनी मिळून भरतीवर शिक्कामोर्तब केलं आणि तिथेही अडचण आली. कारण भरतीच्या पोरांनी स्वतःच साक्ष दिली, "नाई काका, तो आमच्यासंग थांबत नाई. आमी कठड्यावर बसतो, तो पुढंच जाते."

त्यात सरांनी एक नवाच नियम घालून दिला. आठवड्यातलं बहुतेक पळणं सावकाश हवं, आणि सावकाश म्हणजे किती, तर पळता पळता बोलता आलं पाहिजे. दोन वाक्यांत धाप लागली तर वेग जास्त झाला. अशा निवांत पळण्याने हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं, पायातल्या स्नायूंना प्राणवायू चांगला वापरता येतो, आणि मग शर्यतीत दम टिकतो. हळू पळून जोरात पळता येतं हे मला अजून पटलेलं नाही, पण माझ्या पटण्यावर त्याचं हृदय अवलंबून नाही. प्रश्न एवढाच होता की पहाटे साडेचारला हायवेवर बोलायचं कोणाशी? भाच्याने तोड काढली. त्याचा विषय इतिहास. तो पळता पळता परीक्षेची उत्तरं म्हणू लागला. त्यामुळे पाणी भरायला उठलेल्या बायकांना अंधारातून एक मुलगा "पानिपतच्या पराभवाची कारणे, एक... रसद..." असं पुटपुटत जाताना दिसू लागला. त्यानंतर कारल्याचा रस बंद झाला आणि अंगारा सुरू झाला.

त्याच्याकडे समजुतीने पाहिलं ते फक्त गुरुकुंजाकडच्या म्हाताऱ्यांनी. गुरुकुंज हा तुकडोजी महाराजांचा आश्रम, मोझरीला. पहाटे उठून ध्यानाला बसणं, व्यायाम करणं ही तिथली जुनी शिस्त. तिथल्या लोकांना पहाटे जागं असलेल्या माणसाचं नवल वाटत नाही. एका बुढ्या गुरुदेवभक्ताने त्याला रोज हात वर करून "जय गुरू" म्हणायला सुरुवात केली. भाच्याला हा प्रतिसाद एवढा मानवला की पानिपत मध्येच थांबवून तोही "जय गुरू" म्हणू लागला. महाराजांच्या पुण्यतिथीला चार वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी लाखो माणसं मौन पाळून उभी राहतात, तेव्हा हाही त्या गर्दीत होता. घरी येऊन त्याने मला सांगितलं की उभ्या उभ्या नाडी मोजली, बावन्न भरली. श्रद्धांजलीच्या वेळी नाडी मोजू नये, हे मी त्याला सांगितलं. पण बावन्न म्हणजे चांगली का वाईट, हेही विचारून घेतलं. चांगली म्हणे.

आता बुटांविषयी. आमची काळी माती ही कपाशीसाठी आहे, धावपटूसाठी नाही. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की पाय घोट्यापर्यंत आत जावा. पावसाळ्यात ती सोडत नाही. क्रॉसकंट्री म्हणजे माती, गवत, चढ-उतार. म्हणून सरांनी आठवड्यातून एकदा पांदणीने पळायला सांगितलं. जुलैमध्ये हा पहिल्यांदा पांदणीने गेला तो अर्ध्या तासाने पऱ्हाटीच्या धुऱ्यावर बसलेला सापडला. प्रत्येक पावलागणिक तळव्याला मातीचा एक थर चढत गेला होता, त्यात गवत, त्यात पऱ्हाटीची पानं, वर पुन्हा माती. एकेक बूट भल्या मोठ्या रोडग्याएवढा झालेला. तो तुराटीने कोरून कोरून माती काढत होता आणि डवरणीला निघालेला एक शेतकरी बैल थांबवून ते पाहत होता. "वहाणा काढून पय ना लेका," त्याने सल्ला दिला. बूट चार हजारांचे होते. ते काढून हातात धरले आणि अनवाणी पळत घरी आला. आमच्या मिसेसने विचारलं, "मग चार हजार कशाले घातले?" 

अनवाणी पळण्यालाही आपल्याकडे मोठा वारसा आहे, हे मी तिला सांगायचा प्रयत्न केला. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत खेडेगावची माणसं अनवाणी लांब पल्ला मारत होती, ते पाहून सर दोराबजी टाटांच्या मनात भारताचा संघ ऑलिम्पिकला पाठवायचं आलं. १९२० साली अँटवर्पला संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले मॅरेथॉन पळाले, २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत, एकोणिसावे आले. आणि ती मॅरेथॉन होती ४२.७५ किलोमीटरची, ऑलिम्पिकच्या इतिहासातली सर्वांत लांब. बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर हा आजचा हिशोब तेव्हा अजून पक्का व्हायचा होता. म्हणजे आपला माणूस पहिल्यांदा गेला त्याच वेळी साडेपाचशे मीटर जास्तीचे पळावे लागले. नशीब म्हणतात ते हेच.

ताईला फोनवर समजावण्याचं कामही माझ्याकडेच आलं. तिची चिंता रास्त होती. पोरगं वाळत चाललंय, पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालंय, आणि सुट्टीत गावी आलं तर वावरात जायच्या आधी दहा किलोमीटर पळून येतंय. वावरात गेल्यावर निंदायला मात्र पाठ दुखते. मी उदाहरणांची तयारी करून बसलो.

"ताई, अविनाश साबळे माहीत आहे का? बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शेतकऱ्याचा मुलगा. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्यपदक. सोन्याचं पाच शतांश सेकंदाने हुकलं. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी."

"पान्यातून कायले?"

"तसा खेळच आहे तो."

"कामधंदा काय करते?"

"मिलिटरीत आहे."

"मंग भरतीच झाली ना त्याची."

मी कविता राऊतकडे वळलो. नाशिकच्या सावरपाड्याची आदिवासी मुलगी, २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये कांस्य, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. "नोकरी?" ओएनजीसीत. मग साताऱ्याच्या माण तालुक्यातली ललिता बाबर, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकची अंतिम फेरी, दहावी आली. "नोकरी?" सरकारने महसूल खात्यात अधिकारी केलं. ताईचा आवाज हळूहळू बदलत गेला. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के जागा राखीव असतात हे मी सांगितलं तेव्हा तर ती म्हणाली, "त्याले अंडे चालू कर, पैसे मी पाठवतो." उत्साहाच्या भरात मी चौगुल्यांचंही सांगून टाकलं. 

"त्याह्यले काय लागलं?"

"एकोणिसावा नंबर."

"नोकरी पायजे म्हन्तो मी."

"ते एकोणीसशे वीस साल होतं, ताई."

थोडा वेळ फोनमधून काही आवाज आला नाही. मग ती हळूच म्हणाली, "त्याह्यचं नाव पोराजवळ काढू नको."

मे महिन्याबद्दल फार लिहीत नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की आमच्याकडे सगळे सावली धरतात. हा साडेतीनला उठू लागला, एवढंच. त्या वेळी जागी असतात ती फक्त कुत्री आणि ट्रकवाले. कुत्र्यांनी आठवडाभर त्याचा वेग वाढवला, मग त्यांनाही कंटाळा आला. पाण्याची बाटली तो पुलाखाली लपवून ठेवायचा. ती रोज कोणीतरी पिऊन पुन्हा तिथेच ठेवायचं. चोरण्यापेक्षा हे जास्त चिडवणारं होतं.

पुढच्या वर्षीच्या क्रॉसकंट्रीला मी सोबत गेलो. अमरावती, अकोला, बुलडाणा, यवतमाळ, वाशीम अशा पाच जिल्ह्यांच्या कॉलेजांची पोरं, काटक, काळीसावळी, छातीवर सेफ्टी पिनांनी लावलेले नंबर. तिथे मला या खेळातली सर्वांत मोलाची गोष्ट कळली. क्रॉसकंट्रीत संघाचे गुण म्हणजे खेळाडूंच्या क्रमांकांची बेरीज, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो संघ जिंकतो. कमी गुणवाला वरचढ! घरी येऊन मी हे सांगितलं तेव्हा गल्लीतल्या पालकांत एकदम उत्साह पसरला. एकाने तर मुलाची बारावीची गुणपत्रिका पुन्हा काढून पाहिली.

शर्यत, म्हटल्याप्रमाणे, दिसली नाही. पोरं एकदम सुटली, झाडीमागे गेली, आणि आम्ही सगळे मामा, काका आणि सर चहा पीत उभे राहिलो. पस्तीस मिनिटांच्या आतबाहेर ती परत दिसू लागली. पहिला, दुसरा, मग दोघं सोबत, मग एक एकटा, आणि नवव्या जागेवर आमचा. शेवटच्या वळणावर त्याच्या तोंडातून काहीतरी शब्द बाहेर पडत होते. मला वाटलं पानिपत. जवळ आल्यावर कळलं, शिव्या होत्या. स्वतःलाच देत होता. विद्यापीठाच्या संघात त्याची निवड झाली नाही. ज्यांची झाली त्यांना पुढे अखिल भारतीय स्पर्धा, विद्यापीठाचा कलर कोट, तो घालून काढलेला फोटो, फोटोचं फ्लेक्स आणि फ्लेक्सवर शुभेच्छुक म्हणून गावातली अर्धी मंडळी. याला परत तोच गिला वडा. ताईला फोन केला तर ती म्हणाली, "नववा म्हंजे आठ जन पुढं होते." हिशोबात ती पहिल्यापासून पक्की.

मला वाटलं आता तरी सव्वाचारचा गजर सुटेल. दुसऱ्या दिवशी तो नेहमीप्रमाणे झाला. फरक पडला तो गावात. नवव्या नंबराने गावाच्या मनात एक गोष्ट पक्की केली की हे पोरगं आता काही थांबत नाही. ज्या गोष्टीला इलाज नाही तिचा उपयोग करून घेणं हा आमचा स्वभाव. सुरुवात आमच्याच घरातून झाली. "मोझरीकडे जातोच आहेस तर," मिसेस म्हणाली, "वापस येताना बसस्टँडजवळच्या मेडिकलातून मामाची गोळी आन." त्याने आणली. मग शेजारच्या आजींनी बहिणीकडे निरोप दिला. मग कोणाचं लाइट बिल, कोणाची शिवायला टाकलेली पोलकी, कोणाच्या जावयाला द्यायची लग्नपत्रिका. पहिले काही दिवस त्याने वजन, वेग, नाडी असली कारणं सांगून पाहिली. उत्तर ठरलेलं असायचं, "अरे, पण तू जातोच आहेस ना?" यावर खेळशास्त्राकडे प्रतिवाद नाही. "कायले पयतं?" हा प्रश्न मात्र कायमचा बंद झाला. त्याच्या रविवारच्या लांब धावेचा रस्ता आता सर ठरवत नाहीत. शनिवारी संध्याकाळी ओट्यावर ठरतो.

परवा त्याची सरावाची वही टेबलावर उघडी दिसली. धावपटूने रोजचं अंतर, वेळ आणि अंगाची अवस्था लिहून ठेवायची असते, सर ती तपासून सही करतात. मी वाचली.

"मंगळवार. ८ कि.मी., सोपी धाव. लाइट बिल (दोन घरं). पिंडऱ्या जड. गुरुवार. ४०० मीटरच्या १० फेऱ्या. मैदानावरच असल्याने सामान नाही. रविवार. १८ कि.मी., १ तास ३४ मि. जाताना पत्रिका पाच. परतताना मेथी दोन जुड्या, शेवटच्या चार कि.मी.त वेग मंद."

खाली सरांचा लाल शेरा होता. "प्रगती समाधानकारक. मेथी कोणाकडून घेतली? पुढील रविवारी आमच्याकडेही दोन जुड्या."